बॅशआरसीत लिहिलेले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वेब सर्व्हरला का दिसत नाही?

संत्रीबाजार

नमस्कार. परसोडीच्या आयटी पार्कजवळ आम्हा तिघांचे लहानसे काम आहे. कळमन्याच्या बाजारात रोज किती संत्री आली आणि कोणत्या प्रतीला काय भाव मिळाला, हे दाखवणारे एक संकेतस्थळ आम्ही चालवतो. सध्या मृग बहराचा माल चालू आहे. काटोल, नरखेडकडचे बागायतदार गाडी भरण्यापूर्वी त्यावर भाव पाहतात, त्यामुळे ते बंद पडले की सकाळी सहापासून फोन सुरू होतात.

सर्व्हर उबुंटूचा आहे. पुढे एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर आणि मागे पीएचपीचा कोड चालवणारे पीएचपी-एफपीएम अशी मांडणी आहे. आतापर्यंत डेटाबेसचा पासवर्ड थेट पीएचपीच्या फाइलीत लिहिलेला होता. ती फाइल गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास साठवणाऱ्या व्यवस्थेत जाते, म्हणून तो तेथून काढून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून मिळणाऱ्या नाव-किंमत जोडीत ठेवायचे ठरवले. मी माझ्या खात्याच्या बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना बॅश हे शेल वाचते त्या फाइलीत, एक्स्पोर्टची ओळ लिहिली, टर्मिनल नव्याने उघडले आणि तीच पीएचपी फाइल कमांड लाइनवर चालवून पाहिली. पासवर्ड व्यवस्थित मिळाला. ब्राउझरमधून तेच पान उघडले की मात्र व्हेरिएबल रिकामे. मग ईटीसी फोल्डरातील एन्व्हायर्नमेंट नावाच्या फाइलीत ओळ घातली, एन्जिनएक्स रीस्टार्ट केले, शेवटी रात्री साडेअकराला सगळे यंत्रच रीबूट केले. काहीही फरक पडला नाही.

एकाच यंत्रावर, एकाच फाइलीला, दोन वाटांनी दोन वेगळी उत्तरे का मिळतात, हे मी दोन दिवस शोधते आहे. केवळ चालू करून देणारी ओळ नको, कारण समजून घ्यायचे आहे.

फुटाळा_काठ

ताई, आपण व्हेरिएबल यंत्रावर ठेवले असे धरून चालला आहात, आणि गोंधळाचे मूळ तेथेच आहे. यंत्राचे म्हणून एखादे सामाईक एन्व्हायर्नमेंट नसते; ते प्रत्येक प्रोसेसचे, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमचे, स्वतःचे असते. ही सोय युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे १९७९ साली आली, आणि तिचा मूळ नियम आजही तोच आहे: एक प्रोसेस दुसरी सुरू करते तेव्हा नाव आणि किंमत अशा जोड्यांची एक प्रत तिच्या हाती देते. घरातून निघताना बांधून दिलेल्या शिदोरीसारखे हे आहे. माणूस निघून गेल्यावर घरी काय शिजले, याने त्याच्या डब्यात काही बदलत नाही. आणि त्याने वाटेत डब्यात काही भरले, तर ते घरी पोहोचत नाही.

म्हणून ‘मी कोणत्या फाइलीत लिहिले’ यापेक्षा ‘ही प्रोसेस कोणी सुरू केली’ हा प्रश्न आधी विचारावा. आपल्या टर्मिनलची वंशावळ पाहा: दूरच्या यंत्रात लॉगिन करून देणाऱ्या एसएसएचने आपल्याला आत घेतले, त्याने बॅश सुरू केले, बॅशने आपली बॅशआरसी वाचली आणि मग त्या बॅशने पीएचपी सुरू केले. म्हणून पीएचपीला पासवर्ड मिळाला. ब्राउझरकडून येणाऱ्या मागणीची वंशावळ अगदी निराळी आहे. तेथे सिस्टमडीने, म्हणजे यंत्रावरच्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, एफपीएमची मुख्य प्रोसेस सुरू केली आणि तिने कामकरी प्रोसेस सुरू केल्या. या घराण्यात बॅश कोठेच नाही, तर बॅशआरसी कोण वाचणार? ईटीसीमधली एन्व्हायर्नमेंट फाइल वाचली जाते ती लॉगिनच्या वेळी, पॅम या लॉगिन तपासणाऱ्या व्यवस्थेकडून. सिस्टमडीच्या सेवा लॉगिन करत नाहीत. त्यामुळे रीबूट एकदा केले काय आणि दहादा केले काय, परिणाम होणार नव्हता.

एन्जिनएक्स रीस्टार्ट करूनही काही साधले नसते, कारण एन्जिनएक्स हा पीएचपीचा पालक नाही. ते दोघे शेजारी आहेत आणि सॉकेटवरून एकमेकांशी बोलतात.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. चालू प्रोसेसचा क्रमांक शोधून प्रोक फोल्डरातील त्या क्रमांकाच्या फोल्डरात जा आणि तेथली एन्व्हायरन नावाची फाइल सुडो लावून, म्हणजे रूट या मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने, वाचा. जोड्या शून्य-बाइटने वेगळ्या केलेल्या असतात, म्हणून टीआर कमांडने त्या जागी नवी ओळ घाला. प्रोसेसला सुरुवातीला काय मिळाले होते ते तेथे दिसते. मी कोणत्याही तक्रारीत सर्वप्रथम हेच पाहतो. त्याआधी एकही फाइल बदलत नाही.

आता उपाय. सिस्टमसीटीएल एडिट या कमांडने एफपीएमच्या सेवेला पूरक फाइल जोडा आणि तिच्या सर्व्हिस विभागात ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’ या निर्देशाने आपल्या गुप्त फाइलीचा पत्ता द्या. ही फाइल सिस्टमडी स्वतः वाचतो, म्हणून ती रूटच्या मालकीची आणि ६०० परवानगीची, म्हणजे फक्त मालकाला वाचता येणारी, असली तरी चालते. ती शेलची फाइल नाही, हे मात्र विसरू नका. ओळीच्या आरंभी ‘एक्स्पोर्ट’ लिहिले तर ती ओळ स्वीकारली जात नाही, आणि किमतीपुढे त्याच ओळीत हॅश टाकून टीप लिहिली तर ती टीप किमतीचाच भाग होते. हाताने पूरक फाइल लिहिली असेल तर डेमन-रीलोड करावे लागते. गुप्त फाइलीतील मजकूर बदलला तर त्याची गरज नाही, परंतु सेवा पूर्ण रीस्टार्ट करावी लागते. नुसते रीलोड पुरत नाही. रीलोडमध्ये एफपीएम स्वतःला पुन्हा उभे करते, पण जुन्याच शिदोरीवर.

इतके केल्यावरही आपल्याला रिकामे उत्तर मिळेल. एफपीएमच्या पूल फाइलीत ‘क्लिअर_एन्व्ह’ नावाची मांडणी असते आणि काही न लिहिल्यास ती ‘होय’ असते. म्हणजे मुख्य प्रोसेसला मिळालेले व्हेरिएबल कामकरी प्रोसेसला देण्यापूर्वी पुसून टाकले जातात. ती ‘नाही’ करता येते. पण मी ती तशीच ठेवून, त्याच फाइलीत ‘एन्व्ह’ या शब्दापुढे चौकटी कंसात हवे ते नाव आणि बरोबरच्या चिन्हानंतर डॉलर लावून तेच नाव, अशी नेमकी ओळ लिहितो. काय आत जाते आहे हे त्यामुळे लेखी राहते.

संत्रीबाजार

फुटाळा_काठ, मनःपूर्वक आभार. वंशावळीचा मुद्दा वाचल्यावर प्रोकमधली फाइल पाहिली आणि माझ्या ओळीचा तेथे मागमूसही नव्हता. आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही पायऱ्या केल्या. आता गेटएन्व्ह या फंक्शनने पासवर्ड मिळतो, पण आमच्या जुन्या कोडमध्ये जेथे एन्व्ह नावाचा अ‍ॅरे वापरला आहे, तो अजूनही रिकामाच आहे.

सदर_चौक

तो दोष सर्व्हरचा नाही. पीएचपीच्या आयएनआय या मांडणीच्या फाइलीत ‘व्हेरिएबल्स_ऑर्डर’ अशी ओळ असते. पीएचपीबरोबर येणाऱ्या प्रॉडक्शनच्या नमुना फाइलीत तिची किंमत जी, पी, सी, एस एवढ्या चार अक्षरांची असते. ई, म्हणजे एन्व्हायर्नमेंट, त्यात नसतो, म्हणून तो अ‍ॅरे भरलाच जात नाही. ई घालण्यापेक्षा कोडमध्ये गेटएन्व्ह वापरणे अधिक सुटसुटीत होईल.

झिरोमाइल

वरील उत्तर अचूक आहे. माझी भर एवढीच की वेब सर्व्हरच्या बाबतीत ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी वावरतात. त्यांतली दुसरी बाहेरच्या अनोळखी माणसाच्या हातात असते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

१९९३ साली इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात, वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्रॅम चालवण्याची सीजीआय ही पद्धत आखली गेली. सर्व्हर प्रत्येक मागणीसाठी एक नवी प्रोसेस सुरू करत असे. मागणीविषयीची माहिती तिला द्यायची कशी? जन्माच्या वेळी प्रत्येक प्रोसेसला काहीतरी मिळतच असते, तर त्यातच ही माहिती घालावी, असा साधा आणि उत्तम विचार तेव्हा झाला. मागणीची पद्धत ‘रिक्वेस्ट_मेथड’मध्ये, प्रश्नचिन्हापुढचा मजकूर ‘क्वेरी_स्ट्रिंग’मध्ये, पाहुण्याचा पत्ता ‘रिमोट_अ‍ॅडर’मध्ये, मजकुराची लांबी ‘कन्टेन्ट_लेंग्थ’मध्ये, आणि प्रत्यक्ष मजकूर मात्र स्टँडर्ड इनपुटमधून. ही पद्धत ऑक्टोबर २००४ मध्ये आरएफसी ३८७५ म्हणून लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाली, पण त्याआधीची दहा वर्षे ती जगभर चालूच होती.

याच पद्धतीत एक नियम आहे: ब्राउझरने पाठवलेल्या बाकीच्या हेडरांची, म्हणजे मागणीसोबतच्या माहितीच्या ओळींची, नावे मोठ्या अक्षरांत करावीत, हायफनच्या जागी अंडरस्कोअर घालावा, आणि आरंभी ‘एचटीटीपी_’ जोडावे. नियम निरुपद्रवी दिसतो, परंतु त्याचा अर्थ असा की आपल्या प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमधील काही नावे आणि त्यांच्या सर्व किमती परका माणूस ठरवतो.

किमतीतून काय होते, ते २४ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर झालेल्या शेलशॉकने दाखवले. बॅशमध्ये फंक्शने एन्व्हायर्नमेंटमधून पुढच्या बॅशला देण्याची सोय होती. किमतीचा आरंभ कंसांच्या एका ठरावीक खुणेने झाला की बॅश तिला फंक्शन समजत असे, आणि फंक्शन संपल्यावर पुढे लिहिलेली आज्ञासुद्धा चालवून टाकत असे. युजर-एजंट हेडरात तसा मजकूर पाठवायचा, सर्व्हर तो निमूटपणे व्हेरिएबलमध्ये घालणार, आणि सीजीआय प्रोग्रॅमने कोठेही बॅश वापरले की परक्याची आज्ञा आपल्या यंत्रावर चालणार. हा दोष स्टेफान शाझेला यांनी शोधला, आणि तो बॅशमध्ये १९८९ पासून होता.

नावातून काय होते, ते जुलै २०१६ मध्ये एचटीटीपॉक्सी या नावाने पुढे आले. कोणी ‘प्रॉक्सी’ नावाचे हेडर पाठवले तर वरच्या नियमाने त्याचे ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ होते. दुर्दैवाने हेच नाव अनेक लायब्ररी बाहेर जाणाऱ्या मागण्या कोणत्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, न्याव्यात हे ठरवण्यासाठी वाचतात. म्हणजे आपला सर्व्हर दुसऱ्या एखाद्या सेवेकडे माहिती मागत असेल, तर ती मागणी परका माणूस स्वतःच्या यंत्रावरून फिरवून आणू शकतो. पर्लच्या एका लायब्ररीत ही गोष्ट २००१ सालीच लक्षात आली होती. तरीही पंधरा वर्षांनी ती अनेक भाषांत पुन्हा सापडली, याचे मला फार वाईट वाटते. ताई, आपल्या एन्जिनएक्समध्ये फास्टसीजीआयच्या, म्हणजे त्याच्या पीएचपीशी बोलण्याच्या पद्धतीच्या, मांडणीत ‘एचटीटीपी_प्रॉक्सी’ला रिकामी किंमत देणारी एक ओळ घाला. एन्जिनएक्स अंडरस्कोअर असलेली हेडरे मुळातच टाकून देतो, तेही याच कुळातल्या कारणाने: हायफन आणि अंडरस्कोअर या नियमात एकच होतात, आणि दोन वेगळी हेडरे एकाच नावावर येऊन पडतात.

आपल्या एफपीएममध्ये मात्र एकच कामकरी प्रोसेस एकामागून एक असंख्य मागण्या हाताळते, म्हणून मागणीची माहिती तिला जन्मतः देता येत नाही. फास्टसीजीआय तीच नावे ठेवून ती सॉकेटवरून प्रत्येक मागणीबरोबर पाठवते. पीएचपीचे गेटएन्व्ह आधी त्या पाठवलेल्या माहितीत पाहते आणि मग प्रोसेसच्या खऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये. फक्त खरेच हवे असेल तर दुसरा घटक ‘ट्रू’ द्यावा; एचटीटीपॉक्सीनंतर ती सोय केली गेली. पासवर्ड वाचताना तो द्यावा, असा माझा आग्रह आहे.

धरमपेठ_लेखणी

एन्जिनएक्सऐवजी अपाची हा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी थोडे. ‘सेटएन्व्ह’ने दिलेले व्हेरिएबल अपाचीच्या आतल्या कोष्टकात जाते, अपाचीच्या स्वतःच्या प्रोसेसच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नाही. बाहेरून मिळालेले पुढे द्यायचे असेल तर ‘पासएन्व्ह’. ‘सेटएन्व्ह’ मागणीच्या प्रवासात उशिरा लागू होते, म्हणून रीराइटच्या अटीत किंवा प्रवेशाच्या नियमात ते दिसत नाही. तेथे ‘सेटएन्व्हइफ’ हवे. अपाचीत पायथन चालवणाऱ्या मॉड-डब्ल्यूएसजीआयखाली जँगो चालवणाऱ्यांना याचा विशेष त्रास होतो, कारण ‘सेटएन्व्ह’ची किंमत मागणीबरोबर येणाऱ्या डिक्शनरीत मिळते, पायथनच्या ओएस मॉड्यूलच्या एन्व्हायरनमध्ये मिळत नाही. मी एकदा संपूर्ण रविवार त्यात घालवला आहे.

अंबाझरी

मूळ निर्णयाविषयीच मला काही सांगायचे आहे. हेरोकू या होस्टिंग सेवेच्या अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ मध्ये वेब-प्रणालींसाठी बारा सूत्रे मांडली आणि मांडणीचा तपशील एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवावा असे तिसऱ्या सूत्रात सांगितले. कोड एकच, ठिकाणे अनेक, हा त्यामागचा विचार मला पूर्ण मान्य आहे. परंतु मांडणी आणि गुपित या दोन गोष्टी एक नाहीत. फुटाळा_काठ यांनी सांगितलेला वारशाचा नियमच गुपिताच्या विरोधात जातो. आपला प्रोग्रॅम फोटो लहान करण्यासाठी दुसरा एखादा प्रोग्रॅम सुरू करतो, तेव्हा पासवर्डचीही प्रत त्याला मिळते, त्याला त्याची काहीही गरज नसताना.

शिवाय एन्व्हायर्नमेंट सांडते फार लवकर. पीएचपीची सगळी मांडणी दाखवणारे पीएचपी-इन्फोचे पान ते छापते. चुकीच्या वेळी दिसणारी सविस्तर त्रुटी-पाने ते छापतात. प्रोग्रॅम कंटेनरमध्ये चालवणाऱ्या डॉकरमध्ये इन्स्पेक्ट केले की ते समोर येते. सिस्टमडीच्या सेवेत ‘एन्व्हायर्नमेंट’ या निर्देशाने किंमत थेट लिहिली, तर त्या यंत्रावरचा कोणताही साधा वापरकर्ता ‘शो’ कमांडने ती वाचू शकतो. फाइलीचा पत्ता देण्याच्या पद्धतीत तेवढे तरी टळते. मी पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तेथे तपासणीसाठी ठेवलेले पीएचपी-इन्फोचे पान कित्येक महिने उघडे राहिले, आणि ईमेल सेवेची किल्ली त्यातून बाहेर गेली. लोकांना आमच्या नावाने खोटी पत्रे जाईपर्यंत आम्हाला कळले नाही.

माझी पद्धत अशी: एन्व्हायर्नमेंटमध्ये गुपिताच्या फाइलीचा फक्त पत्ता, आणि फाइल वाचण्याची परवानगी फक्त त्या सेवेच्या वापरकर्त्याला. सिस्टमडीच्या २४७व्या आवृत्तीपासून ‘लोडक्रेडेन्शियल’ याच कामासाठी आहे.

फुटाळा_काठ

अंबाझरी, तत्त्व म्हणून आपले म्हणणे योग्य आहे. मात्र तिघांच्या चमूने गिटमधून पासवर्ड बाहेर काढणे, हीच आज मोठी सुधारणा आहे. त्या जुन्या पासवर्डची प्रत गिटच्या इतिहासात राहिलेलीच आहे, म्हणून ताईंनी तो डेटाबेसमध्ये बदलणे मी पहिले काम मानेन. आणि एक सर्वांसाठी: व्हेरिएबल लिहून ठेवण्याची डॉट-एन्व्ह फाइल वापरत असाल तर ती वेबच्या मूळ फोल्डरात ठेवू नका. एन्जिनएक्स तिला इतर फाइलींसारखीच एक फाइल समजून मागेल त्याला देऊन टाकतो.

हिंगणा_रोड

नोडवाल्यांसाठी, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्यांसाठी, एक टीप. एन्व्हायर्नमेंटमधली प्रत्येक किंमत ही अक्षरांची माळ असते. ‘फॉल्स’ लिहिले तरी नोड तिला रिकामी नसलेली माळ म्हणून खरीच मानतो. आमच्याकडे डीबगची नोंद बंद करायची म्हणून ‘फॉल्स’ लिहिले होते आणि ती आठवडाभर चालूच राहिली. तसेच डॉकर रनला एन्व्ह-फाइल देताना किमतीभोवती अवतरणचिन्हे लावू नका, ती चिन्हेही किमतीतच जातात. कंपोझमध्ये व्हेरिएबल बदलल्यावर रीस्टार्ट पुरत नाही. ‘अप’ पुन्हा चालवावे लागते, कारण कंटेनर नव्याने जन्मावा लागतो.

संत्रीबाजार

पासवर्ड बदलला, प्रॉक्सीची ओळही घातली. आता याच विषयातला दुसरा अडसर. कळमन्यात गाड्या रात्रीपासून लागतात आणि आवकेच्या नोंदी पहाटेच होतात. आमच्या सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, आहे, त्यामुळे सकाळी साडेपाचपूर्वीच्या नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेत जातात. बागायतदाराला आज आवक कमी दिसते, तो गाडी पाठवतो, आणि बाजारात प्रत्यक्षात माल भरपूर असतो. हे त्याचे खरे नुकसान आहे. म्हणून नव्या गुप्त फाइलीत टाइमझोन सांगणारे टीझेड हे व्हेरिएबल ‘एशिया/कोलकाता’ असे लिहिले, पूल फाइलीतही दिले. पान मात्र यूटीसीच दाखवते, आणि क्रॉन या ठरावीक वेळी कामे चालवणाऱ्या सेवेतून दर अर्ध्या तासाने चालणारी पायथन स्क्रिप्टही.

झिरोमाइल

दोन्हींची कारणे वेगळी आहेत. पीएचपीने ५.४ या आवृत्तीपासून टीझेडकडे पाहणेच सोडले आहे. तेथे आयएनआय फाइलीतील ‘डेट.टाइमझोन’ ही ओळ लागते. उबुंटूवर एफपीएमची आयएनआय वेगळी आणि कमांड लाइनची वेगळी असते, दोन्हींत बदल करा.

पायथन टीझेड पाळतो, पण ती स्क्रिप्ट एफपीएमचे अपत्य नाही, क्रॉनचे आहे. क्रॉन अगदी थोडे व्हेरिएबल देतो. आज्ञा कोठे शोधायच्या हे सांगणाऱ्या पाथमध्येसुद्धा दोनच फोल्डर असतात. क्रॉनटॅबच्या आरंभी टीझेडची ओळ लिहा. उबुंटूच्या क्रॉनमध्ये तिचा परिणाम फक्त चालणाऱ्या आज्ञेवर होतो, वेळापत्रकावर नाही. ते यंत्राच्या घड्याळाप्रमाणेच चालते. आपली स्क्रिप्ट दर अर्ध्या तासाने चालते, म्हणून आपल्याला त्याने फरक पडणार नाही.

तरीही बाजाराचा दिवस हा आपल्या विषयाचा नियम आहे, यंत्राची आवडनिवड नाही. नोंद यूटीसीतच साठवा आणि तारीख काढताना कोडमध्ये कोलकात्याचा टाइमझोन स्पष्टपणे द्या. मग उद्या ती स्क्रिप्ट कोणीही सुरू केली तरी उत्तर तेच येईल.

संत्रीबाजार

केले. आज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी आलेली पहिली गाडी आजच्याच तारखेत दिसली. प्रोकमधली एन्व्हायरन फाइल कशी वाचावी हे आता चमूतील तिघांनाही कळते, आणि ‘ही प्रोसेस कोणी सुरू केली’ हे आमच्या तपासणीच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिले आहे. अंबाझरी यांची क्रेडेन्शियलची पद्धत हंगाम संपल्यावर करू; भर बाजारात मांडणी हलवायची नाही असे ठरवले आहे. मृग बहर सुरू झाल्यापासूनच्या जुन्या नोंदींमध्ये रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या ज्या नोंदी चुकीच्या तारखेत आहेत, त्या आडत्यांच्या कागदी पावत्यांशी ताडून दुरुस्त करायला आज दुपारी बसत आहोत.